एकोणीस सक चौदोदरसे

नव्वदच्या दशकाच्या मध्यात, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी, मी एक टेक्नो गाणं गायलो. गायलो हा शब्द मोठा झाला, बोललो म्हणू. त्या गाण्याच्या तीनशे तबकड्या निघाल्या, त्याचा व्हिडिओ झाला आणि तो गावच्या केबलवर लागलाही. हे मी फार कमी लोकांना सांगितलं आहे. कारण ऐकणारा लगेच 'दाखव' म्हणतो, आणि दाखवण्यासारखं त्यात माझं जे आहे, ते म्हणजे माझे दात.

मी नागपूरहून तिथे सिरॅमिक्समध्ये पीएच.डी. करायला गेलो होतो. सिरॅमिक्स म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे कपबश्या यायच्या. एका मावशीनं तर परत येताना डिनर सेट आण म्हणून निघतानाच सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात माझं काम एका तळघरातल्या लॅबमध्ये बसून पांढरी पावडर दळण्याचं होतं. पोर्सेलिनच्या बरणीत पावडर आणि गोट्या भरायच्या, बरणी आडवी करून फिरत्या रुळांवर ठेवायची आणि ती तासन्‌तास गरगरताना पाहत बसायचं. रुळांचा पट्टा जुना होता, मधूनच निसटायचा, म्हणून कोणीतरी शेजारी असावं लागे. तो कोणीतरी मी.

बरणीच्या आवाजाला एक ठेका होता. घर्र-खड, घर्र-खड. त्या ठेक्यावर मी नकळत पाढे म्हणू लागलो. माझे वडील नागपुरात महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षक. आजोबा कापडगिरणीत झाडू मारायचे आणि अंगठा उठवायचे. त्यांच्या पोटी जन्मलेला माणूस शिक्षक झाला, तेव्हा त्यानं पाढ्यांकडे नुसतं गणित म्हणून पाहिलं नाही. 'ज्याला तिसापर्यंत पाढे येतात, त्याला कोणी फसवू शकत नाही,' असं ते आम्हा भावंडांना सांगत आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीला भिंतीशी रांगेत उभं करून म्हणून घेत. तेही जुन्या वळणाचे, कारण जुन्या पाढ्यांना ताल असतो असं त्यांचं मत होतं. एकशे चौदा म्हटलं की हात वर व्हायचा. चौदोदरसे म्हणायचं.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन विद्यार्थी काम करायचा. माझ्याहून दोन वर्षं पुढे, साडेसहा फूट उंच, शेतकरी घरातला, केसांची शेपटी बांधणारा आणि दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा. शनिवार-रविवारी तो भाड्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये यंत्रांवर नाचाचं संगीत तयार करतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. एका दुपारी मी एकोणिसाच्या पाढ्यात रंगलो होतो, तेव्हा तो हातातला चिमटा खाली ठेवून माझ्यामागे येऊन उभा राहिला. बराच वेळ ऐकल्यावर त्यानं विचारलं, "ही प्रार्थना आहे का?"

आता याला उत्तर एका शब्दाचं होतं. पण त्या गावात येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि तोवर माझं कोणी थांबून ऐकलं नव्हतं. सेमिनारमध्ये माझं इंग्रजी ऐकताना लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. हा माणूस मात्र डोळे बारीक करून, मान हलवत ऐकत होता. मी म्हणालो, "हे आमच्याकडे वडील मुलांना देतात. फार जुनं आहे."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. आम्ही बौद्ध आहोत, हे मी त्याला पूर्वी कधीतरी नको इतक्या तपशिलात सांगितलं होतं. पुढचं त्यानं आपलं आपणच जुळवलं, आणि मी ते जुळू दिलं.

पुढच्या शनिवारी भर दुपारी मी त्याच्या बेसमेंटमध्ये गेलो. टांगलेले कपडे काढून रिकाम्या केलेल्या कपाटात त्यानं चारी बाजूंनी रजया टांगल्या होत्या आणि मध्ये मायक्रोफोन लटकवला होता. मला आत उभं करून त्यानं दार लावलं. कानावर हेडफोन, नाकात कुणाच्यातरी रजईचा वास, आणि कानात धप-धप-धप-धप असा न थांबणारा ढोल. त्यावर एकोणिसाचा पाढा म्हणायचा. पहिल्या दहा वेळा मी शाळेतल्यासारखा भराभर म्हणून मोकळा झालो. तो बाहेरून शांतपणे सांगे की जरा हळू, जरा पोटातून. तासाभरानं माझ्या आवाजात एक खर्ज उतरला, जो माझा नव्हता. आमच्या वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात एक जाडजूड गायक येत, त्यांचा तो होता. शेवटच्या खेपेला मी डोळे मिटले, हात पसरले, कपाटाच्या दांडीवर कोपर आपटलं आणि तरीही थांबलो नाही. तो दार उघडून म्हणाला की झालं, हेच पाहिजे होतं.

महिन्याभरानं त्यानं गाणं ऐकवलं. सात मिनिटांचं होतं. पहिली दोन मिनिटं नुसता ढोल, मग आमच्या लॅबमधल्या बरणीची घर्र-खड, ती त्यानं केव्हा रेकॉर्ड केली देव जाणे, आणि मग खोल विहिरीतून यावा तसा माझा आवाज. 'चौदोदरसे' हा शब्द त्याला इतका आवडला होता की तो कापून त्यानं पन्नासेक वेळा घातला होता. चौदो-चौदो-चौदो-दरसे. गाण्याचं नावही त्यानं तेच ठेवलं, फक्त त्याच्या तोंडी ते 'चोडोडार' झालं होतं. माझ्या अंगावर काटा आला. मला आवडलं, हे मी आज लपवत नाही. सिरॅमिक्सचं काय घेऊन बसलोय, असं मला त्या दिवशी वाटलं.

मग त्यानं तबकडीच्या कव्हरचा नमुना दाखवला. त्यावर 'चोडोडार' आणि खाली बारीक अक्षरांत 'प्राचीन बौद्ध प्रार्थनेसह' असं छापलं होतं.

 आमच्या घरी पौर्णिमेला पांढरे कपडे घालून वंदना घेतात. ती काय असते आणि हे काय आहे, ते मला पक्कं ठाऊक होतं. तोंड उघडायची ती वेळ होती. पण त्या ओळीच्या खालच्या ओळीत 'स्वर' असं लिहून पुढे माझं पूर्ण नाव होतं, स्पेलिंग बरोबर. विद्यापीठाच्या ओळखपत्रावरही ते कधी बरोबर आलं नव्हतं. मी म्हणालो, छान आहे.

व्हिडिओची कल्पना त्याच्या मैत्रिणीची. ती फिल्मचं शिकत होती आणि तिला वर्गासाठी एक छोटा प्रोजेक्ट करायचा होता. फेब्रुवारीत आम्ही तिघं एका पार्किंगच्या इमारतीच्या वरच्या उघड्या मजल्यावर जमलो. कडेला बर्फाचे ढीग, वारा कानशिलं कापणारा. तिनं पिशवीतून एक भगव्या-केशरी रंगाचं लांब कापड काढलं आणि ते अंगाला कसं गुंडाळतात, असं मला विचारलं.

इथे मात्र मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणून थांबलो नाही, भाषण दिलं. हे कापड आमच्याकडे भिक्खू वापरतात, ते घरी आले की माझे वडील उन्हातान्हातही चप्पल काढून उभे राहतात, तो कुणाचा पोशाख म्हणून नाचायला घालायचा नसतो, वगैरे. मी चांगला दहा मिनिटं बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं, माफी मागितली आणि कापडाची घडी करून ते पिशवीत ठेवलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. चीवराचा मान राखणारा हा गृहस्थ कव्हरवरची ओळ पाहून गप्प बसला होता, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. शिवाय आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी त्या दिवसासाठी जुन्या कपड्यांच्या दुकानातून काळं लेदरचं जॅकेट आणलं होतं, आणि कापडाखाली ते दिसलं नसतं.

मग मी नाचलो. नाच मला एकच येत होता, जयंतीच्या मिरवणुकीतला, आणि त्याला पुढे-मागे चारशे माणसं लागतात. गर्दीत सगळेच हात वर करून उड्या मारत असतात, त्यात कोणाचं काय चुकतंय ते कळत नाही. रिकाम्या पार्किंगमध्ये एकटा माणूस त्याच उड्या मारू लागला की पायाला डांबर चिकटल्यासारखा दिसतो. मैत्रीण प्रत्येक वेळी 'छान, आता आणखी थोडं हळू' म्हणायची. मी हळू नाचलो, मग आणखी हळू नाचलो, शेवटी जवळजवळ उभाच राहिलो. दोन शनिवार हे चाललं. शेवटी तिनं कॅमेरा माझ्या तोंडाजवळ आणून पाढा म्हणताना माझे ओठ टिपले, आणि संपलं म्हणून सांगितलं.

मी सगळ्या गावाला सांगितलं. गाव म्हणजे मराठी गाव, त्यात तेव्हा चार घरं होती. त्यातल्या एका घरी मी दर रविवारी जेवायला जायचो. काका विद्यापीठात प्राध्यापक, काकू मूळच्या सांगलीच्या, आणि त्यांची एक अकरा वर्षांची मुलगी, जिला मराठी सगळं कळायचं पण जी उत्तर इंग्रजीतच द्यायची. काकूंनी माझा व्हिडिओ केबलच्या स्थानिक चॅनेलवर शनिवारी चार वाजता लागणार हे ऐकलं आणि उरलेल्या तिन्ही घरांना चहाला बोलावलं. माझ्या लॅबमेटलाही आग्रहानं बोलावलं. माझ्याकडे व्हीसीआर नव्हता, म्हणून व्हिडिओची एक कॅसेट मी स्वतः न पाहताच नागपूरला पोस्टानं रवाना केली होती. सोबतच्या पत्रात चीवराचा प्रसंग दोन पानं लिहिला होता.

चार वाजता सगळे सोफ्यावर, खुर्च्यांवर, जमिनीवर बसले. काकूंनी साबुदाणा वडे केले होते. लॅबमेट साडेसहा फुटांची घडी घालून एका बुटक्या वेताच्या मोड्यावर बसला होता. टीव्हीवर आधी बरणी आली. गरगरणारी पांढरी बरणी, मिनिटभर. मग पार्किंगमधला बर्फ. मग माझी सावली, अर्धी. मी वाट पाहत होतो की आता जॅकेट येईल. जॅकेट आलं नाही. दोन शनिवारांच्या नाचातली एक उडीसुद्धा आली नाही. आलं ते तोंड. सत्तावीस इंची पडद्यावर कडेपासून कडेपर्यंत माझ्या मिशा आणि दात, आणि ते दात म्हणत होते, एकोणीस एके एकोणीस.

 तीन घरांतल्या काकांनी एकमेकांकडे पाहिलं. काकू मात्र दुसऱ्या ओळीपासून माझ्याबरोबर म्हणू लागल्या. एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न. चौदोदरसे आलं तेव्हा त्यांना हसू आवरेना, पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या की हा शब्द आपण तीस वर्षांनी ऐकतोय. मग आणखी दोघी-तिघी म्हणू लागल्या. आणि मग पडद्यावरचे दात म्हणाले, एकोणीस नवे एकसष्टासे.

काकू थांबल्या. "अरे," त्या म्हणाल्या, "एकाहत्तरासे ना?"

मी मनातल्या मनात गुणाकार केला. एकाहत्तरासेच. हात पसरून, डोळे मिटून, दांडीवर कोपर आपटलं ती हीच जागा होती. दहा वेळा बरोबर म्हटलं, आणि ज्या खेपेला भाव ओतला ती नेमकी तीनशे तबकड्यांवर कोरली गेली.

लॅबमेट मोड्यावरून सगळ्यांचे चेहरे पाहत होता. प्रार्थना ऐकताना लोक हसतात का, हे त्याला कळत नव्हतं. त्यानं शेजारी बसलेल्या मुलीला हळूच विचारलं की हे सगळे काय म्हणताहेत.

"इट्स जस्ट द टाइम्स टेबल," ती म्हणाली. "नाइन्टीन. अँड ही गॉट इट राँग."

तो गाणं संपेपर्यंत टीव्हीकडे बघत राहिला, काकूंचे वडे सुरेख झालेत असं त्यांना सांगितलं, चहा संपवला, बशी स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवली आणि गाडी काढून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. काकूंना काहीतरी बिनसल्याचं कळलं. कारण ऐकल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या की त्याच्या घरी जाऊन सांग, फोनवर नको.

मी सोमवारपर्यंत टाळलं. सोमवारी लॅबमध्ये त्यानं माझी बरणी रुळांवर चढवून ठेवली होती, जशी तो नेहमी मी उशिरा आलो की चढवायचा. त्यानं मला आणखी वाईट वाटलं. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. भिंतीशी उभी रांग, आजोबांचा अंगठा, आणि ज्याला पाढे येतात त्याला कोणी फसवू शकत नाही हे वडिलांचं वाक्य. ते वाक्य इंग्रजीत म्हणताना माझ्या लक्षात आलं की पाढे वापरून दुसऱ्याला फसवणारा आमच्या घराण्यातला पहिला माणूस मी आहे. तेही मी त्याला सांगितलं.

तो पट्ट्याकडे बघत ऐकत होता. "मी माझ्या आजीला ऐकवलं," तो म्हणाला. "प्रार्थना आहे म्हणून. ती हात जोडून बसली होती."

मी म्हणालो, मी तिला पत्र लिहितो. तो म्हणाला, नको, मी सांगेन, तीही शाळेत छडी खाऊनच पाढे शिकली.  मग त्यानं विचारलं की एकसष्टासे आणि एकाहत्तरासे यांत मात्रा सारख्या बसतात का. मी दोन्ही म्हणून दाखवलं. त्याचं म्हणणं पडलं की चुकीचा आकडाच ढोलावर जास्त नीट बसतो, तो तसाच राहू दे, पण कव्हरवरची ओळ राहू द्यायची नाही.

त्या रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही तीनशे कव्हरांवर तीनशे चिकटपट्ट्या लावल्या. मैत्रीण कात्रीनं पट्ट्या कापत होती, तो चिकटवत होता आणि मी प्रत्येकीवर पेनानं लिहीत होतो: 'ही प्रार्थना नाही. हा एकोणिसाचा पाढा आहे. नववी ओळ चुकीची आहे.' तीनशे वेळा. शाळेत पाढा चुकला की शंभर वेळा लिहावा लागे, त्या मानानं शिक्षा तिप्पट झाली. मध्येच मैत्रिणीनं, नाच वगळल्याबद्दल मला राग आला का, असं विचारलं. मी म्हणालो, छे. ती म्हणाली, बरं झालं, कारण नाच असलेली पहिली फिल्म वर्गात दाखवली तेव्हा लोकांना वाटलं की माणूस थंडीनं मदत मागतोय.

कबुलीजबाब दिला की सुटका होते अशी माझी समजूत होती. गावातल्या तबकड्यांच्या दुकानात महिन्याभरानं मी आपला उगाच, कोणी घेतं का बघायला गेलो. काउंटरवरच्या माणसाच्या हातात चोडोडारच होतं. तो एका गिऱ्हाइकाला समजावून सांगत होता की ती चिकटपट्टी ही गंमत आहे, ही खरी तर फार गुप्त प्रार्थना आहे आणि बाहेरच्यांना कळू नये म्हणून ते लोक असं लिहितात. मी पुढे होऊन सांगितलं की तसं नाही, हा आवाज माझा आहे आणि हा खरंच पाढा आहे. त्यानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. तो म्हणाला की या आवाजाचा माणूस निदान साठ वर्षांचा असणार. गिऱ्हाइकानंही मान डोलावली. मी लेदरचं जॅकेट घातलं होतं, तेही कामी आलं नाही.

वडिलांचं पत्र एप्रिलच्या शेवटी आलं. अमेरिकेतली कॅसेट आपल्याकडच्या यंत्रावर चालत नाही, हे त्यांना घरी चाळीस माणसं जमवल्यावर कळलं होतं. मग ते बर्डीच्या बाजारातल्या दुकानात जाऊन ती इथल्या यंत्रावर चालेल अशी करून घेऊन आले आणि माणसं पुन्हा जमवली. आई म्हणते तू वाळलास, असं त्यांनी लिहिलं होतं. नुसत्या दातांवरून तिनं हे कसं ओळखलं, ते लिहिलं नव्हतं. चीवर घातलं नाहीस ते योग्य केलंस, पण त्यावर दोन पानं लिहायचं कारण नव्हतं. सोबत एका स्वतंत्र कागदावर एकोणिसाचा पाढा होता, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात, नववी ओळ लाल शाईनं.

पत्राच्या शेवटी एक परिच्छेद शाळेबद्दल होता. त्यांनी गाण्याची नुसती आवाजाची कॅसेट करून घेऊन ती चौथीच्या वर्गात लावली होती आणि मुलांना चूक शोधायला सांगितलं होतं. अडतीसपैकी सदतीस मुलांना ती सापडली. जिला सापडली नाही ती मुलगी बाकावर चढून नाचत होती, म्हणून तिला पुन्हा ऐकायची संधी दिली.

मी हे लॅबमेटला वाचून दाखवलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्यानं हसून, ती मुलगी कोणत्या मिनिटाला नाचू लागली ते विचारून घे, असं सांगितलं. मी विचारलं. दीड महिन्यानं उत्तर आलं की वर्गात घड्याळ नाही, पण दुसऱ्यांदा लावलं तेव्हा सहा जण उभे राहिले, आणि तिसऱ्यांदा लावायची वेळ आली तेव्हा हेडमास्तर काय चाललंय ते विचारायला आले.